माळाची पाटी : जीवसंहती प्रकल्पाच्या नोंदी

९ मे, चाळकेवाडी

सुट्टीत शाळेचं काम काढायचं नाही असं ठरवलं होतं. पण ठोसेघरच्या पुढं पठारावर आले आणि वही उघडावीच लागली. उन्हानं तापलेल्या जांभ्या दगडावर एक सरडा उभा होता, मातीच्याच रंगाचा, वीतभरही लांब नसेल. मी थांबले, तोही थांबला. मग त्यानं अंग उचललं आणि गळ्याखालची पिशवी पंख्यासारखी उघडली. निळा, काळा, नारिंगी! दोनदा उघडली, मिटली, आणि सरडा पुन्हा मातीत मिसळून गेला.

या सरड्याचं शास्त्रीय नाव ‘सारडा सुपर्बा’. २०१६ साली ते दिलं गेलं. प्रजातीचं नाव आपल्या मराठी ‘सरडा’ शब्दावरून घेतलंय आणि वर्णनासाठीचा मूळ नमुना याच चाळकेवाडीचा. पुढं २०१८ मध्ये इथल्याच पठारावरचा एक अभ्यास जगभर वाचला गेला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी, त्यामुळं सरडे जास्त, आणि त्या सरड्यांची भीतीही मोडलेली. ससाणे-घारी नाहीशा झाल्या की खालच्या सरड्याची वागणूक बदलते, हे शोधायला कुणी आफ्रिकेत गेलं नव्हतं.

दरवर्षी मुलं जगाच्या नकाशात अॅमेझॉन हिरवा रंगवतात, सहारा पिवळा, ग्रीनलंड पांढरा. आपला जिल्हा त्या नकाशात टाचणीच्या टोकाएवढा. या वर्षी उलटं करून बघायचं मनात आहे. आधी सातारा, मग जग.

१८ जून

निसर्ग मंडळाची पहिली बैठक झाली. अकरा मुलं, आठवी-नववीची. व्हरांड्यात आठ फलक लावायचे, एकेका जीवसंहतीचा एकेक, आणि प्रत्येक फलकावर आपल्या जिल्ह्यातली एक तरी गोष्ट.

‘बायोम’ हा शब्द काहींना माहीत होता. मी सांगितलं ते असं: लांबरुंद प्रदेशात ऊन, थंडी आणि पाऊस जसा असेल तशी झाडोऱ्याची ठेवण होते आणि तिच्यावर प्राण्यांचं जगणं बेतलेलं असतं. ही सगळी मिळून जीवसंहती. ती ठेवणीवरून ओळखायची, झाडाच्या नावावरून नाही. अमेरिकेच्या वाळवंटातले निवडुंग आणि आफ्रिकेतले शेराच्या कुळातले काटेरी खांब एकमेकांचे कुणी लागत नाहीत, पण शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटतील. दोघांना पाणी साठवायचं होतं, दोघांनी खोडाची घागर केली.

किती जीवसंहती, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. शाळेच्या पुस्तकांत सात-आठ असतात. २००१ साली जगाच्या जमिनीचा जो नकाशा प्रसिद्ध झाला त्यात १४ जीवसंहती आणि त्यांच्या पोटात ८६७ परिसर-प्रदेश केलेत. समुद्राचं खातं वेगळंच.

मग जिल्ह्याचा कोरा नकाशा दिला आणि रंगवायला सांगितलं. महाबळेश्वर, कोयना गडद हिरवं, कृष्णाकाठ पोपटी. ओंकार म्हसवडच्या बाजूचा, इथं मावशीकडं राहून शिकतो. त्यानं आख्खा माण तालुका तपकिरी केला आणि वर लिहिलं ‘पडीक’. विचारलं तर म्हणाला, “बाई, आमच्याकडं काहीच न्हाई. नुसता माळ हाय.”

मी काही बोलले नाही. गेल्या वर्षीपर्यंत मीही तोच रंग दिला असता.

२ जुलै

पर्जन्यमापक तयार केले. लिटरभराची सरळ बाटली घ्यायची, गळा कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा, बुडात खडे घालून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि बाहेरून पट्टी चिकटवायची. तोंड आणि अंग सारख्याच रुंदीचं असलं की पट्टीवरचा एक मिलिमीटर म्हणजे एक मिलिमीटर पाऊस, म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी.

पाच बाटल्या पाच ठिकाणी गेल्या: महाबळेश्वर, पाचगणी, सातारा, पुसेगाव, म्हसवड. कुणाचा मामा, कुणाची आत्या, कुणाचे आजोबा. रोज सकाळी साडेआठला वाचायचं आणि फोनवर कळवायचं.

२१ जुलै

महाबळेश्वरच्या आत्यांचा सकाळीच फोन. बाटली रात्रीतच भरून वाहिली, किती पडला ते सांगता येत नाही. आता दिवसातून तीनदा रिकामी करायचं ठरलंय. म्हसवडची बाटली या महिन्यात तीन दिवस सोडले तर कोरडी. ओंकारचे आजोबा रोज न चुकता फोन करून सांगतात, “आज बी शून्य.” समीक्षा म्हणाली, शून्य असेल तर रोज फोन कशाला? मी तिला वहीतली रांग दाखवली. शून्यांची रांग हीसुद्धा नोंद आहे, आणि प्रकल्पाला सगळ्यात उपयोगी पडणार आहे तीच.

३ ऑगस्ट

आज आलेखाचा दिवस. रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकन परिस्थितिकी शास्त्रज्ञानं १९७५ साली मांडलेली आकृती फळ्यावर काढली. आडव्या अक्षावर वर्षाचं सरासरी तापमान, उभ्यावर वर्षाचा पाऊस. तिरका त्रिकोण तयार होतो आणि त्याच्या खणाखणात जगातल्या जीवसंहती बसतात. थंड कोपऱ्यात टुंड्रा, मग सूचिपर्णी अरण्य. उष्ण बाजूला तळाशी वाळवंट, वर सॅव्हाना (विरळ झाडांचा उष्ण गवताळ प्रदेश) आणि पानझडी वन, सगळ्यात वर वर्षावन.

आता आपली गावं या त्रिकोणात ठेवायची. बाटल्यांचे आकडे एकाच पावसाळ्याचे, म्हणून सरासरी छापील नोंदींतून घेतली. महाबळेश्वरची सरासरी साडेपाचशे सेंटिमीटरच्या वर. समीक्षा बिंदू काढायला गेली तर जागाच नाही! आमच्याकडच्या प्रतीत उभा अक्ष ४५० ला संपतो. तिनं फळ्याच्या चौकटीवर, लाकडावर, खडूनं टिंब दिलं.

मग म्हणे, “बाई, महाबळेश्वर वर्षावनाच्याही वर? मग तिथं अॅमेझॉनपेक्षा दाट जंगल पाहिजे.”

प्रश्न अगदी बरोबर होता आणि तासभर त्याच्यावरच गेला. सिंगापूरला वर्षाचा पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी, पण तिथला एकही महिना कोरडा जात नाही. हवामानाचे प्रदेश पाडणारा व्लादिमिर कोपेन मुळात वनस्पतिशास्त्र शिकलेला. वर्षावनाच्या हवामानासाठी त्यानं अट घातली ती वर्षभराच्या बेरजेची नाही, महिन्याची. सगळ्यात कोरड्या महिन्यातही किमान ६० मिलिमीटर. आपल्याकडं जूनमध्ये आभाळ फाटतं, सप्टेंबरअखेर शिवतं. जानेवारी ते मार्च महाबळेश्वरातही जवळपास काही पडत नाही. चार महिन्यांत मिळालेल्या पाण्यावर झाडाला बारा महिने पान राखायचं असतं. म्हणून तिथलं सदाहरित वन ठेंगणं: जांभूळ, अंजनी, पिसा, मध्येच हिरडा. वाऱ्यानं वाकलेली खोडं, चिवट पानं, फांद्यांवर शेवाळाचे गोंडे. अॅमेझॉनसारखी चाळीस-पन्नास मीटर उंच झाडं तिथं शोधू नयेत.

ओंकारनं म्हसवडचा बिंदू काढला. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, हवा उष्ण. बिंदू पडला वाळवंट आणि सॅव्हाना यांच्या सीमेपाशी. वाळवंट म्हणायचं तर पाऊस साधारण अडीचशेच्या आत पाहिजे, माणला त्याच्या दुप्पट पडतो. मग तो म्हणाला, “म्हणजे सॅव्हाना? सिंव्ह असतात त्यो?”

सरळ रेषेत मोजलं तर महाबळेश्वर ते म्हसवड सव्वाशे किलोमीटर. तेवढ्या अंतरात पाऊस दहाव्या हिश्श्यावर येतो. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि ओझं टाकतो. पलीकडं उतरताना तोच वारा गरम आणि कोरडा होतो. पाचगणी अवघी १९ किलोमीटर, पण पाऊस महाबळेश्वरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. जगात एका जीवसंहतीतून दुसरीत जायला लोक विमानानं जातात. आपली एसटी सकाळी निघून दुपारी पोचवते.

९ सप्टेंबर, कास

गर्दी टाळून मंगळवारी गेलो. यवतेश्वरचा घाट चढून वर आलो तेव्हा धुकं होतं, मग एकदम उघडलं. तेरड्याचा गुलाबी पट्टा, त्याच्या पलीकडं गेंदाचे पांढरे ठिपके.

मुलांना पोटावर झोपायला लावलं. लांबून रंगाचा गालिचा दिसतो, पण कास खरं कळतं ते जमिनीपासून चार बोटांवर. जांभ्यावर मातीचा थर कुठं बोटभर, कुठं तेवढाही नाही. त्यात पाणी साचून राहिलेलं. नत्र-स्फुरद धुऊन गेलेलं, म्हणून काही वनस्पती किडे खातात. सीतेच्या आसवांच्या जांभळ्या फुलाखाली, पाण्यात, बारीक फुगे असतात. तेच त्यांचे सापळे. दवबिंदूच्या तांबड्या केसांवर चिकट थेंब होते आणि एका थेंबात चिलट अडकलं होतं, अजून पाय हलवत. आर्यन अर्धा तास तिथून उठला नाही. पान हळूहळू वळतंय का ते त्याला बघायचं होतं.

तळ्याच्या वाटेवरच्या डबक्याजवळ त्यांना वायतुरा दाखवला. याच्या शास्त्रीय नावात ‘सातारेन्सिस’ आहे, म्हणजे साताऱ्याचा.

जेवताना मी टुंड्राचा विषय काढला. टुंड्रात झाड नाही, कारण खाली जमीन कायम गोठलेली. वरचा थर उन्हाळ्यात थोडे आठवडे विरघळतो, पाणी खाली मुरत नाही, सगळी दलदल. तेवढ्यात बुटक्या वनस्पतींनी उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं. कासला बर्फ नाही, पण जांभ्याचा कडप्पा तेच काम करतो. मुळं खाली जात नाहीत, पाणी उतरत नाही, आणि हंगाम तीन-चार महिन्यांचा. म्हणून सगळी फुलं एकाच घाईत. कास म्हणजे टुंड्रा नाही, ही जीवसंहतीच्या मोजमापात न मावणारी एक लहान जागा आहे. पण टुंड्रा कसा जगतो हे साताऱ्याच्या पोराला समजायचं तर कासएवढं जवळचं पुस्तक नाही.

२८ सप्टेंबर

फलकांचं काम भराभर होतंय. सूचिपर्णी अरण्य म्हणजे तैगा झाला: जमिनीवरचा सगळ्यात मोठा वनपट्टा, शंकूसारखी झाडं म्हणजे बर्फ घसरून पडतो. वाळवंटाच्या फलकावर अंटार्क्टिका घातल्यावर शिपाईमामांनीही थांबून विचारलं. पाऊस-बर्फ मिळून इतकं कमी पडतं की जगातलं सगळ्यात मोठं वाळवंट तेच. समशीतोष्ण पानझडी वनाला मी फार वेळ दिला नाही.

भूमध्य सागरी प्रदेश मात्र अनपेक्षित रंगला. हिवाळ्यात पाऊस, उन्हाळा कोरडा, आपल्या अगदी उलट. समीक्षाचे मामा तासगावला द्राक्षबागाईतदार. ती सांगत होती, मामा एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. तिकडं हिवाळ्यात वेल झोपी जातो, एकच छाटणी पुरते. आपल्याकडं वेलीला झोपच लागत नाही, म्हणून माणसाला दोनदा कात्री धरावी लागते. वर ऑक्टोबरच्या पावसाची धास्ती वेगळी. एका जीवसंहतीचं पीक दुसरीत वाढवणं काय असतं, हे फलकावर तिच्याच शब्दांत लिहायला सांगितलं.

उरला गवताळ प्रदेश. मुलांना स्टेप, प्रेअरी, पंपास, व्हेल्ड, डाऊन्स घडाघडा पाठ. पाच खंडांची नावं. आपल्या गवताचं? कुणीच बोललं नाही.

१९ ऑक्टोबर, म्हसवडजवळ

सकाळी कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी करत गेलो. पुसेगाव सोडलं की झाडं एकमेकांपासून लांब जायला लागतात. बाभूळ, हिवर, बोर, मध्ये नुसतं गवत, कंबरेएवढं, उन्हात तांबूस झालेलं.

ओंकारचे आजोबा, सगळे त्यांना तात्या म्हणतात, वाट बघत उभे होते. खांद्यावर घोंगडं, मागं मेंढरं. दिवाळी झाली की कळप घेऊन खाली निघायचं, म्हणून आजच या असा त्यांचा निरोप होता. मी म्हटलं, “तात्या, मुलांना गवत दाखवा.” ते हसले. “गवत कंचं दावू?”

मग ते दाखवत गेले. पवन्या, मेंढराला सगळ्यात गोड. मारवेल, ओलीला धरून असतं. डोंगरी, मुरमाड उतारावर. आणि कुसळी. “कुसळ धरायच्या आत चारलं तर चारा, मागनं चारलं तर मेंढराच्या तोंडात सुया.” कोणत्या आठवड्यात कळप कुठल्या टेकावरून कुठं हलवायचा, हे सगळं त्यांच्या बोलण्यात गवताच्या नावांनी मोजलेलं. दहा पावलांत त्यांनी सात गवतं वेगळी केली. मला पुस्तक हातात असून तीन जमली.

गवताचा वाढता कोंभ जमिनीला टेकून असतो. मेंढरानं शेंडा खाल्ला, वणव्यानं पात जळलं, तरी पावसाबरोबर पुन्हा फुटतं. झाडाचं तसं नाही. व्हिटेकरनं आकृतीत एक तुटक रेषाही दिली होती. तिच्या आतल्या हवामानात गवत येईल की झाडं, हे पावसावर ठरत नाही, आग, चराई, माती यांवर ठरतं. माण त्या रेषेच्या आसपासच. पण आपल्याकडच्या वनांच्या जुन्या वर्गीकरणात अशा जागा ‘काटेरी वन’ म्हणून बसवल्या गेल्या. एकदा वन म्हटलं की झाड नसणं म्हणजे काहीतरी गमावलेलं, आणि मग ते भरून काढायला खड्डे.

ते खड्डे बघायला मीच मुलांना नेलं. गेल्या वर्षी एका संस्थेच्या वृक्षारोपणात आमची शाळा याच माळावर आली होती. मी स्वतः कुदळ धरली होती, मुलांकडून घोषणा म्हणून घेतल्या होत्या. टँकर दोन महिने आला. आता बहुतेक खड्ड्यांत वाळलेली काडी आणि कडेनं गाजरगवत. तात्यांनी काठीनं कड उकरली. “पवन्या होता हितं. माती उलथली, आता परत येत न्हाई लवकर.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र त्या खड्ड्यांच्या रांगेवरून चालताना फार वाईट वाटलं, आणि ते मी मुलांना सांगितलं. गवताचा साठा जमिनीखाली मुळांत असतो. खड्डा खणून आम्ही नेमका तोच उपटला होता.

निघताना टेकाडावरून माळटिटवी ओरडत उठली. लांडगा दिसला नाही, तात्यांनी त्याची वाट तेवढी दाखवली.

३ नोव्हेंबर

मोज्यांत अडकलेली कुसळं मुलांनी डबीत जपून आणली होती. तळहातावर एक ठेवलं आणि पाण्याचा थेंब टाकला. शेपटीसारख्या लांब काटीचा पीळ सुटायला लागला आणि कुसळ हातावर सावकाश फिरू लागलं. पावसात हेच जमिनीवर होतं. ओलं-सुकं होत फिरत-फिरत बी स्वतःला मातीत रोवतं. माणूस पेरायला लागत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ ही म्हण सगळ्यांना येत होती, पण कुसळ नीट बघितलं होतं एकट्या ओंकारनं.

१६ नोव्हेंबर

आठव्या फलकाचं नाव काय, यावर आज वाद झाला. ‘सॅव्हाना’, ‘उष्णकटिबंधीय गवताळ प्रदेश’, ‘काटेरी झुडपी वन’.

मी सगळ्या नावांची कुळी फळ्यावर मांडली. तैगा रशियनमधून आला. टुंड्रा उत्तरेच्या सामी लोकांच्या बोलीतला. सॅव्हाना कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांचा शब्द, स्पॅनिश लोकांनी उचललेला. पंपा केचुआ भाषेतला, सपाट मैदान. व्हेल्ड म्हणजे आफ्रिकान्समधलं रान. प्रेअरी म्हणजे फ्रेंचमधलं कुरण. शास्त्रात गेलेलं एकेक नाव त्या-त्या जागी गुरं राखणाऱ्याच्या, शिकार करणाऱ्याच्या तोंडचं.

आणि आपल्याकडं? आयुर्वेदानं भूमीचे तीन प्रकार केले: जांगल, आनूप, साधारण. आनूप म्हणजे पाणथळ. जांगल म्हणजे कमी पाण्याची, विरळ झाडांची, मोकळी, वारा खेळणारी जमीन. आजच्या ‘जंगल’ या शब्दाचं मूळ तिथं आहे. अर्थ बदलत दाट झाडीपर्यंत गेला आणि मोकळी जमीन बिननावाची राहिली. पण बोलीत ती तशी राहिली नाही. माळ, माळरान, माळढोक, माळटिटवी. नाव कायम होतं.

आर्यननं विचारलं, मग सागरेश्वर चुकीचं का? सांगलीचं ते अभयारण्य माणसांनी झाडं लावून उभं केलं, आज तिथं हरणं आहेत. मी म्हटलं, चुकीचं नाही, त्या लोकांनी घेतलेले कष्ट मोठे आहेत. पण सगळेच माळ सागरेश्वर केले तर चंडोल, खोकड, लांडगा, माळढोक यांनी जायचं कुठं? देशात रानात मोकळे माळढोक जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं ते त्याच्यासाठीच.

ओंकारनं नकाशातला तपकिरी रंग खरवडून काढला. कागद थोडा फाटला. वरून त्यानं पिवळट तांबूस दिला आणि ‘पडीक’ शब्दावर पट्टी चिकटवून लिहिलं: माळ.

१४ डिसेंबर

फलक लागले. आठही पाट्यांची अक्षरं एकाच मापाची. ‘माळ’ हा शब्द दोनच अक्षरी, म्हणून पाटीवर जागा उरली. तिथं मुलांनी पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी यांच्या वाळलेल्या जुड्या दोऱ्यानं बांधल्या आणि खाली नावं लिहिली. बाजूला म्हसवडच्या शून्यांची रांग, जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, तारखांसकट.

तात्या कळप भावाकडं सोपवून बसनं आले होते. पहिले सात फलक त्यांनी चपला काढून, हात मागं बांधून बघितले. आठव्यापाशी थांबले. दुसऱ्या जुडीवर बोट फिरवलं, एक काडी नाकाशी धरली.

“ह्ये मारवेल न्हवं, पोरा. डोंगरी हाय. अदलाबदल झाल्या.”

ओंकार स्टुलावर चढला आणि दोऱ्या सोडायला लागला.